चुंबनाचा प्रसंग असलेलं नाटक नवख्या संस्थेने करताना काय सांभाळावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात आठ जणांची नवी संस्था, चित्रकार आणि त्याच्यासमोर बसणारी मॉडेल यांच्या प्रेमावरचं स्वतः लिहिलेलं नाटक, त्यात एक चुंबन आणि एक उघड्या पाठीचा प्रसंग. सेन्सॉरपासून प्रयोगापर्यंत काय बघायचं?

आधी कागद. तिकीट लावून जाहीर प्रयोग करायचा तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. त्यालाच आपण सेन्सॉर म्हणतो. संहिता रंगसूचनांसकट द्या. चुंबन करणार असाल तर ‘दोघं जवळ येतात’ असं गुळमुळीत लिहू नका. प्रमाणपत्र त्या संहितेला असतं, तालमीत नंतर सुचलेल्या वाक्यांना नाही. म्हणून संहिता पक्की झाल्यावरच पाठवा आणि पहिल्या प्रयोगाआधी निदान दोन महिने हातात ठेवा. काटछाट सुचवली तर लेखी मागा. पान, वाक्य, पात्र धरून लेखीच उत्तर द्या. विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ नाटकाचं सेन्सॉरशी झालेलं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि निकाल नाटकाच्या बाजूने लागला, हे खरं. पण आठ जणांना कोर्ट परवडत नाही, पत्रव्यवहार परवडतो.

आता तालीम. नव्या संस्था नेमक्या इथेच घसरतात. ‘प्रयोगात आपोआप होईल’ म्हणून तो प्रसंग शेवटपर्यंत टाळला जातो आणि मग रंगीत तालमीत दोघंही अवघडतात. चुंबन नाचासारखं बसवा: ती दोन पावलं पुढे, त्याचा डावा हात तिच्या खांद्यावर, मनात तीन मोजायचे, ओठ टेकले की चार मोजून ती मान वळवते. कुठे हात लावायचा आणि कुठे नाही हे नटांनीच सांगायचं, आणि प्रॉम्प्टरच्या प्रतीत ते लिहून ठेवायचं. पहिल्या काही तालमींना खोलीत चौघंच: दोन नट, दिग्दर्शक, एक सहायक. मोबाइल बाहेर. कुणीही ‘थांब’ म्हटलं की थांबायचं, कारण विचारायचं नाही. प्रत्येक प्रयोगाआधी, मेकअप चढवण्यापूर्वी, तो प्रसंग दोनदा नुसता चालून घ्या. चारऐवजी सहा मोजणारा नट हौशी नसून बेशिस्त आहे, असं माझं मत.

उघड्या पाठीसाठी दुकानात ‘स्किन कलर’ म्हणून मिळणारं कापड घेऊ नका. ते बहुतेकींच्या त्वचेपेक्षा गोरं असतं आणि दिव्याखाली चकाकतं. पातळ सुती कापड कडक चहाच्या पाण्यात बुडवून, वाळवून, त्या नटीच्या दंडाशी ताडून बघा. शुभ्र प्रकाशात कापड आणि कातडी वेगळी दिसतात. दिव्यासमोर फिकट अंबर जेल, म्हणजे पिवळसर रंगाचा पारदर्शक कागद, लावलं की बरंच मिसळतं. दिवा समोरून नको, एका बाजूने. छोट्या हॉलमध्ये प्रेक्षक तीन बाजूंनी असतील तर पहिल्या रांगेतल्या दोन्ही टोकांच्या खुर्च्यांवर स्वतः बसून पाहा. मधून झाकलेलं तिथून उघडं दिसतं.

चित्र रंगमंचावर खरंच काढायचं असेल तर तैलरंग नकोत. वाळत नाहीत, आणि टर्पेंटाइनचा वास बंद हॉलभर पसरतो. ॲक्रिलिक वाळतं खरं, पण कपड्यांवरून निघत नाही. पोस्टर कलर घ्या. ते धुऊन जातात. दर प्रयोगाला बोर्डावर नवा जाड कागद, त्यावर फिकट पेन्सिलीने आधीच आखलेलं रेखाटन. दहा फुटांवरून ते दिसत नाही आणि चित्रकला न येणारा नटही निभावतो. ओला रंग दिव्याखाली चमकतो, म्हणून ईझल, म्हणजे चित्राचा स्टँड, किंचित पुढे झुकवा. खाली गोणपाट पसरून कडा टेपने चिकटवा, नाहीतर अनवाणी नट सांडलेल्या रंगावरून घसरतो.

पोस्टरवर ‘१८ वर्षांवरील प्रेक्षकांसाठी’ एवढंच सरळ लिहा. डोळा मारणाऱ्या जाहिरातीने गर्दी येते, पण ती चुकीच्या अपेक्षेने येते आणि नेमक्या त्या प्रसंगाला शिट्ट्या वाजवते. खरा धोका मात्र वीस सेकंदांच्या मोबाइल क्लिपचा. संदर्भ तुटला की नाटक काय होतं हे कुणी विचारत नाही. तिसऱ्या घंटेआधी मोबाइल बंद करायची घोषणा करा, आणि उघड्या पाठीच्या प्रसंगाच्या पाच मिनिटं आधी दोन्ही बाजूंच्या वाटेत एकेक स्वयंसेवक उभा करा, तोंड प्रेक्षकांकडे.