मेलेल्या लाकडावरची बहार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : तोडून टाकलेल्या आंब्याच्या फांदीवर पावसाळ्याअखेर पांढरट, लोकरी पंख्यांसारखी बुरशी आली. ऑक्टोबरच्या उन्हात आक्रसून कडक झाली आणि परतीचा पाऊस पडताच पुन्हा टवटवीत! ही तीच की नवी?

उत्तर : तीच. वर्णनावरून ही स्किझोफायलम कम्यून असावी. खात्रीसाठी पंखा उलटा करून दहापटीच्या भिंगातून पाहा. बुडापासून कडेकडे फाकलेले गुलाबी-राखाडी पडदे दिसतील आणि प्रत्येक पडदा धारेवर उभा चिरलेला असेल. सगळी गंमत या चिरेत आहे. हवा कोरडी झाली की चिरेच्या दोन्ही बाजू बाहेर वळतात आणि बीजाणू तयार करणारा भाग झाकला जातो. ओल मिळाली की पुन्हा सरळ होतात. घरी पाहायचं तर वाळका पंखा ओल्या कापसावर ठेवून वर वाटी पालथी घाला. काही तासांत पडदे उघडतात. पाण्यात बुडवून ठेवलात तर कुजेल. दमेकऱ्यांनी मात्र या भानगडीत पडू नये, हिचे बीजाणू क्वचित सायनसमध्ये किंवा फुप्फुसात रुजतात. मणिपूरमध्ये ही ‘कांगलायेन’ म्हणून आवडीने खातात. पण पत्रातल्या वर्णनावरून ‘खा’ म्हणणं आम्हाला जमणार नाही.

प्रश्न : भीमाशंकरला चमकणारी बुरशी पाहायला गेलो, काहीच दिसलं नाही. फोटोतला हिरवा रंग खोटा असतो का?

उत्तर : खोटा नाही. बुरशीतल्या ल्युसिफेरिन या प्रकाश देणाऱ्या रसायनाचा ऑक्सिजनशी संयोग होऊन प्रकाश पडतो तो हिरवाच. पण तो इतका मंद असतो की डोळ्याला रंग नीट कळत नाही, नुसता राखेसारखा पांढुरका भास होतो. डोळे अंधाराला सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात. मधेच कुणी मोबाइल उघडला की पुन्हा पहिल्यापासून! भर पावसाळ्यात, अमावस्येच्या आसपास जा. लाकूड वाळलं की चमक विझते.

फोटोसाठी ट्रायपॉड हवाच. सुरुवातीला भिंगाचं छिद्र (अॅपर्चर) एफ 2.8, कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता आयएसओ 3200 आणि शटर 30 सेकंद उघडं, असं ठेवा. बॅटरीच्या उजेडात फोकस हाताने लावा, मग बॅटरी बंद. फोटो हलला तर आधी ट्रायपॉडचे पाय चिखलात खचताहेत का ते बघा. अभयारण्यात रात्री जायला वनखात्याची परवानगी लागते, आणि चमकतं लाकूड उचलून आणायला तर मनाईच आहे.