गप्प बसलेल्या मुलाला गप्प बसू द्या

प्रश्न : आजवर मी एकाच मातृभाषेच्या मुलांना शिकवलं. आता एका इंटरनॅशनल स्कूलमध्ये पाचवीचा वर्ग मिळालाय. यादीत कोरियन, अरबी, पोर्तुगीज, जर्मन बोलणारी मुलं आहेत. काहींना इंग्रजी अजिबात येत नाही. पहिल्याच दिवशी सगळ्यांना बोलतं कसं करू? आणि ‘वर्गात फक्त इंग्रजी’ हा नियम लगेच लावू का?
– एक शिक्षिका

उत्तर : नमस्कार ताई. नियमाचं आधी सांगते: लावू नका. आणि बोलतं करण्याची घाईही सोडा.

इंग्रजी नवीन असलेलं मूल आठवडेच्या आठवडे, कधी काही महिनेही तोंड उघडत नाही. भाषाशिक्षणाचे अभ्यासक याला ‘मूक काळ’ म्हणतात. या काळात मूल रिकामं बसलेलं नसतं. कोण कशावर हसलं, बाई काय म्हणाल्या की सगळे वह्या काढतात, याची त्याच्या मनात जुळणी चाललेली असते. माझ्या वर्गातली एक कोरियन मुलगी कितीतरी दिवस एक अक्षर बोलली नव्हती, पण खिडकी लावायला सांगितली की सगळ्यांच्या आधी उठायची. तेवढं मला पुरेसं होतं. पुढे ती बोलायला लागली तेव्हा ‘आय पेन्सिल वॉन्ट’ म्हणाली. कोरियनमध्ये क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं, त्यामुळे ती कुठून बोलतेय हे मराठी बाईला लगेच समजतं. हा आपला फायदा आहे, तो घ्या. (मूल घरी, स्वतःच्या भाषेतही गप्प असेल, तर मात्र पालकांशी बोला, ते वेगळं प्रकरण असू शकतं.)

म्हणून पहिल्या दिवशी एकेकाला उभं करून ‘तुझं नाव सांग, आवडता खेळ सांग’ हे करू नका. ज्याला येत नाही त्याची पाळी येईपर्यंत त्याच्या पोटात काय होत असेल, याचा विचार करा. त्याऐवजी न बोलता उंचीप्रमाणे रांग लावा, मग जन्मतारखेप्रमाणे. बोटांनी महिने दाखवताना मुलं आपसूक एकमेकांकडे बघायला लागतात. त्याआधी सगळ्यांना घेऊन शौचालय आणि पाण्याची जागा दाखवून या. ‘बरं वाटत नाही’ याचं चित्र असलेलं कार्ड प्रत्येकाच्या बाकावर ठेवा.

नावांवर मात्र वेळ घालवा, हवा तेवढा. कोरियन, चिनी, जपानी नावांत आडनाव आधी येतं आणि कार्यालयाच्या यादीत ते कधी उलटं झालेलं असतं. पोर्तुगीज ‘जोआओ’ वाचाल ते उच्चारात ‘झुआंव’च्या जवळ जातं. मुलाकडून नाव ऐका, पुन्हा ऐका आणि आपल्या वहीत देवनागरीत लिहून ठेवा. अनुस्वार, ‘त’ आणि ‘थ’मधला फरक, हे रोमन लिपीत हरवतं, आपल्या लिपीत बरंचसं टिकतं. कोरियन मुलाचं नाव लाल शाईने लिहू नका; तिकडे लाल अक्षरातल्या नावाचा संबंध मृत्यूशी जोडतात. नाव सोपं जावं म्हणून मुलाला नवं टोपणनाव तर कधीच देऊ नका.

गणिताला भाषा लागत नाही, असं समजून निर्धास्त राहू नका. जर्मन मुलगा भागाकाराला दोन टिंबं काढेल आणि दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम देईल. त्याच्या इंग्रजी 1ची वरची तिरकी रेघ इतकी लांब असते की तो 7 वाटावा, म्हणून 7ला तो मधे आडवी रेघ मारतो. इजिप्तहून आलेल्या मुलीचा पाच आपल्या शून्यासारखा गोल असू शकतो, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. चुकीची फुली मारण्याआधी तिला फळ्यावर एक ते दहा लिहायला सांगा. बाकीच्यांनाही त्यांच्या पद्धतीने लिहू द्या.

आता नियमाबद्दल. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये केन विल्यम्स या शिक्षण-अभ्यासकांनी १९९४च्या प्रबंधात एका भाषेत वाचून दुसरीत मांडण्याची रीत अभ्यासली, आणि दोन्ही भाषा वर्गात मुद्दाम वापरण्याचा विचार तिथून पुढे पसरला. दोन पोर्तुगीज मुलं विज्ञानाचा प्रयोग पोर्तुगीजमध्ये समजून घेत असतील तर घेऊ द्या. आपल्याला न कळणारी कुजबुज ऐकून सुरुवातीला अस्वस्थ वाटतं, पण वह्या पाहिल्यावर ती कशाबद्दल होती ते दिसतं. फक्त एकाच मुलाला दिवसभर दुभाषी बनवू नका. त्याचंही शिकणं असतं.

प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवलं की शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात. तुमच्या मुलांना याहूनही जास्त लागेल.

शाळा सुटल्यावर पालक फाटकाशी गाठतील आणि विचारतील, ‘घरीही इंग्रजीच बोलू का?’ नाही म्हणा. जिम कमिन्स या कॅनडातल्या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांनी गप्पांची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत १९७९ साली फरक केला. पहिली साधारण दोन वर्षांत येते, दुसरीला पाच-सात वर्षं लागतात. तोवर मुलाचा विचार वाढवणारी भाषा घरातलीच आहे. तेव्हा आज शाळेत काय झालं ते त्यांनी मुलाला आपल्या भाषेत विचारावं, गोष्टीही तिच्यातच वाचून दाखवाव्यात.