बोअरचं पाणी सीपीयूला चालेल का?

प्रश्न: डेस्कटॉपला घरीच वॉटर कूलिंग बसवतोय. ब्लॉक (सीपीयूवर बसणारा, आतून पाणी वाहणारा ठोकळा) तांब्याचा, रेडिएटर जुना ॲल्युमिनियमचा. बोअरचं पाणी भरू का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: बोअरचं नकोच. त्यातले क्षार ब्लॉकच्या बारीक खाचांत बसतात आणि प्रवाह अडतो. डिस्टिल्ड वॉटर घ्या. खरी गोची मात्र रेडिएटरची आहे: तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम झिजतं. रेडिएटरही तांब्या-पितळेचाच हवा, इथे काटकसर नको. टाकी पंपापेक्षा उंच ठेवा. पंप कोरडा फिरवू नका. मदरबोर्डची वीज तोडून नुसता पंप 24 तास चालवा. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवला की थेंबभर गळतीही दिसते. आणि मे महिन्यात खोलीतच 40 अंश असतील, तर पाणी त्याखाली उतरणार नाही. पंखे कितीही लावा.