नेकबँडची लाईट लागते, पण मोबाईलमध्ये नावच येत नाही, पीस खराब आहे का?

भाऊ, तुम्ही लिहिलं की बाबांसाठी ब्लूटूथचा नेकबँड (गळ्यात घालायचा हेडफोन) घेतला, बटन दाबलं की निळी लाईट लागते, चालू झाल्याचा आवाजही येतो, पण मोबाईलमध्ये कितीही शोधलं तरी नाव येत नाही, मग परत करावा का. इतक्यात परत करू नका. बहुतेक तो चांगलाच आहे. नेकबँड चालू असणं वेगळं अन् तो नवीन फोनसोबत जोडायला तयार असणं वेगळं, सगळा घोळ इथंच होतो.

आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. यवतमाळ जिल्ह्यात आमचं गाव, आमच्या फिडरवर आठवड्यातले काही दिवस मोटरला लागणारी थ्री फेज लाईन रात्रीचीच राहते, त्यामुळे हरभऱ्याला ओलित करायला बाबा रात्री एकटेच वावरात जातात. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, रानडुकराचं भेव, त्यात घरून फोन आला की काठी खाली ठेवून खिशात हात घाला, म्हणून मी त्यांना नेकबँड आणून दिला. दुकानातून आणल्यावर आधी माझ्या फोनवर लावून पाह्यला, मस्त चालला. संध्याकाळी बाबांच्या फोनवर लावायला गेलो तर नावच येईना. अर्धा तास गेला, बाबा म्हणाले राहू दे, मला काही नाही लागत, अन् मला फार वाईट वाटलं. मग लक्षात आलं की माझा फोन माझ्याच खिशात आहे, त्याचं ब्लूटूथ चालू आहे, अन् नेकबँड चालू केला की तो सरळ माझ्याच फोनला जाऊन चिकटतो.

असं काहून होते तर, पहिल्यांदा जोडणी करताना फोन अन् हेडफोन दोघंही एकमेकांची एक चावी, म्हणजे ओळखीचा गुप्त कोड, जपून ठेवतात, पुढच्या वेळी हेडफोन चालू झाला की तो आधी जुन्या ओळखीचा फोन शोधतो, तो सापडला की बाकीच्यांना साधारणपणे दिसतच नाही. म्हणून तुम्ही पहिले हे आठवा की दुकानदारानं चेक करायला त्याच्या फोनवर लावला होता का, किंवा घरातल्या एखाद्या पोट्ट्यानं स्वतःच्या मोबाईलवर लावला का. ज्याच्यावर लावला असेल त्या फोनचं ब्लूटूथ बंद करा, नाहीतर त्यात नेकबँडच्या नावावर जाऊन फरगेट किंवा अनपेअर करा.

मग नेकबँड पूर्ण बंद करा अन् बंद असतानाच पॉवरचं बटन दाबून धरा. चालू झाल्याचा आवाज आला तरी सोडू नका, तिथंच सगळे सोडतात. साधारण ५ ते ७ सेकंद धरलं की लाल-निळी लाईट आळीपाळीनं लुकलुकायला लागते (काहींमध्ये फक्त निळी किंवा पांढरी भराभर लुकलुकते), म्हणजे तो तयार झाला. आता बाबांच्या फोनमध्ये सेटिंगमधून ब्लूटूथ उघडा, पेअर न्यू डिव्हाइसवर दाबा अन् ते पान उघडंच ठेवा, कारण फोन शोधतो तो ते पान उघडं असेपर्यंतच. नाव आलं की दाबा, पेअर म्हणा, झालं. जुना हेडसेट असेल अन् पिन मागितला तर ०००० टाका, नाही चाललं तर १२३४. डबीतले सुटे इयरबड असतील तर बऱ्याचदा डबीवरचंच बटन दाबून धरावं लागते. चार्जिंग अगदी कमी असलं तरीही त्रास होतो, आधी अर्धा तास लावून ठेवा.

जोडलं पण आवाज मोबाईलमधूनच येतो असं झालं तर नावासमोरच्या चाकाच्या चिन्हावर दाबा, तिथं कॉल अन् मीडिया अशी दोन वेगळी बटनं राहतात, कारण बोलणं अन् गाणं हे ब्लूटूथमध्ये दोन वेगळ्या वाटांनी जाते. एखादं बंद असेल ते चालू करा. नेटवर्क रीसेट करायचा सल्ला कोणी देईल, तो एकदम शेवटी करा, त्यात वायफायचे पासवर्डही उडतात.

अन् वावरात वापरणार असाल तर हे नक्की सांगा बाबांना. पल्ला साधारण १० मीटरचा धरा, म्हणजे फोन धुऱ्यावर ठेवून पाइप बदलायला गेले की आवाज तुटणार, फोन अंगावरच पाहिजे. तोही शक्यतो वरच्या खिशात, कारण ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालते अन् आपल्या शरीरातलं पाणी त्या लहरी शोषून घेते, मागच्या खिशात फोन असला की मधात अंग येते.

रात्री दोन्ही कानात घालू देऊ नका. आमचे बाबा एकच बाजू घालतात, दुसरी गळ्यावर सोडून देतात, कॉल एका कानात नीट ऐकू येतो अन् दुसऱ्या कानाला पऱ्हाटीतली खसखसही कळते. चार्जिंग मात्र मीच लावतो, लाईन असली की दुपारीच, नाहीतर ऐन ओलिताच्या रात्री नेकबँड बंद अन् आई फोन लावून लावून जागी.