आधी पत्र, मग बिऱ्हाड

तुझा मेसेज वाचला. ‘काका, आधी बंगळुरूला जातो, तिथं राहूनच नोकरी शोधतो.’ वैताग कळतो मला. मेकॅनिकलचा डिप्लोमा आहे, सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, हात बसलाय, आणि पीण्यातल्या, म्हणजे बंगळुरूच्या त्या औद्योगिक भागातल्या, प्रत्येक एचआरचं पालुपद एकच: ‘लोकल आहात का?’ पण म्हणून सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीतली नोकरी सोडून निघायचं? नेमणुकीचं पत्र हातात पडल्याशिवाय बिऱ्हाड हलवायचं नाही.

तिथं पोचल्यावर काय होतं ते ऐक. खोली बघायला गेलास की घरमालक ‘अ‍ॅडव्हान्स’ मागणार. सहा महिन्यांच्या, कुठं कुठं दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत आधी घ्यायची तिथली जुनी रीत आहे. पीजीत राहिलास तरी महिना भरला की पैसे मोजायचेच. साठवलेलं संपत आलं की पहिला जो कंत्राटदार ‘उद्यापासून ये’ म्हणेल त्याच्या दारात तू उभा राहशील, पगार न विचारता. आज तुझ्या हातात नोकरी आहे, म्हणून तू ‘नाही’ म्हणू शकतोस. ही ताकद स्वतःहून कशाला घालवतोस?

जाऊ नकोस असं मी म्हणत नाही. जा ना! रजा टाक, उद्यान एक्सप्रेसनं रात्रीतून पोच, ट्रेड टेस्ट, म्हणजे मशीनवर काम करून दाखवायची परीक्षा, दे आणि परत ये. पहिली मुलाखत व्हिडिओवर घ्यायची विनंती कर. रिझ्युमेत वरच लिही, मशीन फॅनुकच्या कंट्रोलवर चालवतोस की सीमेन्सच्या, आणि किती दिवसांत रुजू होशील. टेस्टला ते ड्रॉइंग हातात देतील, टूल ऑफसेट घ्यायला, म्हणजे हत्याराचं माप मशीनला द्यायला लावतील, तयार झालेला भाग मशीनवरून उतरला की मायक्रोमीटर लावून बघतील. तिथं तुझा पत्ता कुणी विचारत नाही. होसूरलाही अर्ज कर. ते तमिळनाडूत असलं तरी बंगळुरूला लागूनच आहे.

आणि पत्र म्हणजे पत्र. फोनवरचं ‘तुमचं झालं समजा’ म्हणजे पत्र नव्हे. त्यावर कंपनीचं नाव आहे की मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराचं, ते बघ. सीटीसीच्या, म्हणजे कंपनीला तुझ्यावर येणाऱ्या एकूण खर्चाच्या, आकड्याला भुलू नकोस, त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफही धरलेला असतो. हातात किती पडणार ते विचार. गेटपास, युनिफॉर्म, ट्रेनिंग, कशाच्याही नावाखाली पैसे मागितले तर फोन ठेवून दे.

तुझ्या वयात मीही पत्राची वाट बघत घरी बसलो होतो. बरोबरचे पुढे गेले, मला भित्रा म्हणाले. त्यात एक चांगली जागा हुकली, तिची हळहळ अजून आहे. पण पत्र आलं तेव्हा मी ठरलेल्या पगारावर, ठरलेल्या तारखेला रुजू झालो, कुणाच्या उपकाराखाली नाही. भित्रा म्हणणाऱ्यांना तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं, आज आहे: रिकाम्या खिशानं परक्या गावात पगार ठरवता येत नाही. हट्ट म्हण हवं तर. मी तो सोडणार नाही, तूही सोडू नकोस.

बाबांशी मी बोलतो. ते ‘मुलगा इथंच अडकून बसलाय’ म्हणतात ते काळजीपोटी. तू या आठवड्यात रिझ्युमे नीट कर, आणि पत्र आलं की सही करण्याआधी त्याचा फोटो मला पाठव, पान न् पान.