माझ्या डोमेनला (वेबसाइटच्या नावाला) मोठी ऑफर आलीय, पण खरेदीदार आधी मूल्यांकनाचं सर्टिफिकेट मागतोय. खरं असेल का?

नाही, हा जुनाच सापळा आहे. घासाघीस न करता भरघोस आकडा मान्य करायचा, मग ‘अमुकच साइटचं सर्टिफिकेट चालेल’ म्हणून अडून बसायचं. ती साइट त्याची किंवा त्याच्या साथीदाराची. तुम्ही फी भरलीत की गिऱ्हाईक गायब! खऱ्या खरेदीदाराला मूल्यांकन हवंच असेल तर तो स्वतःच्या खिशातून करून घेईल.

त्याला एवढंच कळवा: ‘एस्क्रो डॉट कॉमवर व्यवहार सुरू करा, फी तुमची.’ ही साइट व्यवहार पुरा होईपर्यंत खरेदीदाराचे पैसे त्रयस्थ म्हणून सांभाळते. बहुतेकदा तिथेच मेल थांबतात. मात्र त्याने पाठवलेली लिंक उघडू नका, पत्ता स्वतः टाइप करा. नकली एस्क्रो साइटही असतात. आणि पैसे जमा झाल्याची एस्क्रोच्या खात्यात लॉगिन करून खात्री होईपर्यंत ट्रान्सफरचा ऑथ कोड (डोमेन दुसरीकडे हलवायला लागणारा गुप्त कोड) कुणालाही देऊ नका.