ठळक अक्षरांतला आकडा

“रिपोर्ट मोबाईलवर शुक्रवारी रात्री येतो आणि डॉक्टर सोमवारी भेटतात, मधल्या दोन दिवसांत त्या आकड्यांचे आम्ही करायचे काय?” रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्यांचे समुपदेशन करताना हा प्रश्न मला रुग्णांपेक्षा त्यांच्या जोडीदारांकडून अधिक ऐकू येतो. उत्तर देताना मला बहुतेक वेळा कराडच्या एका दांपत्याची आठवण होते. त्यांच्या संमतीने, नावे आणि काही तपशील बदलून, तो अनुभव येथे सांगते आहे.

माधवराव सहकारी बँकेतून हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेले, वय 67. पत्नी कुसुमताई 63 वर्षांच्या. पाठदुखी आणि थकवा यांचे कारण शोधता शोधता त्यांना मल्टिपल मायलोमा असल्याचे निदान झाले होते. या आजारात अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशी बेसुमार वाढतात आणि एकाच प्रकारचे प्रथिन रक्तात सोडत राहतात. इलेक्ट्रोफोरेसिस या तपासणीच्या आलेखात ते प्रथिन टोकासारखे वर येते, म्हणून डॉक्टरांपासून रुग्णांपर्यंत सगळे त्याला ‘एम स्पाइक’ म्हणतात. निदानाच्या वेळी कुसुमताईंचा एम स्पाइक 3.8 ग्रॅम प्रति डेसिलिटर होता. बोर्टेझोमिबची इंजेक्शने, लेनालिडोमाइडच्या कॅप्सूल आणि आठवड्यातून एकदा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड असे सात महिने उपचार झाल्यावर तो 0.4 वर आला होता.

त्या सोमवारी कुसुमताई बाहेर बाकावर बसल्या होत्या आणि माधवराव एकटेच माझ्या खोलीत आले. त्यांच्या हातात लाल कापडी पाठीची लांब हिशेबाची वही होती. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले रकाने होते: हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, क्रिएटिनिन, एम स्पाइक. सुधारलेला आकडा हिरव्या शाईत आणि बिघडलेला लाल शाईत लिहिलेला होता. शेवटच्या ओळीत एम स्पाइकच्या रकान्यात 0.6 होते, त्याभोवती दोनदा वर्तुळ काढलेले होते आणि शेजारी ‘50 टक्के’ असे लिहिलेले होते.

“मॅडम, थकबाकीत एवढी वाढ दिसली असती तर मी त्याच दिवशी मोठ्या साहेबांना फोन केला असता,” ते म्हणाले. “हिला मी अजून काही सांगितलेले नाही. शनिवार-रविवार गॅलरीतच काढला.”

मी डॉक्टर नाही आणि आजार वाढला की नाही हे सांगण्याचा मला अधिकारही नाही, हे मी अशा वेळी आधी स्पष्ट करते. पण आकडा कुठून आला, कोणत्या दिवशी आला आणि त्याच्या आधी काय होते, हे विचारणे माझ्या कामात बसते. विचारल्यावर कळले की पुण्याची एक खेप वाचावी म्हणून या वेळचे रक्त कराडलाच दिले होते. एम स्पाइकचे आधीचे सगळे रिपोर्ट रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतले होते. एम स्पाइक लहान असतो तेव्हा आलेखावर त्या टोकाची हद्द कुठून कुठपर्यंत धरायची, हे तपासणाऱ्याला ठरवावे लागते, आणि दोन प्रयोगशाळांच्या आकड्यांत दशांशाचा फरक त्यामुळे सहज पडू शकतो. वही आणखी चाळली तेव्हा दोन महिन्यांपूर्वीच्या प्लेटलेटच्या रकान्यात 1,42,000 च्या खाली नुसतेच 118 आणि तीन उद्गारचिन्हे दिसली. त्या दिवशीही रक्त गावात दिले होते आणि तिथे आकडा हजारांत छापत असत, म्हणजे प्लेटलेट 1,18,000 होत्या. भाच्याने फोनवर उलगडा करेपर्यंत माधवरावांनी ती रात्र जागून काढली होती.

अशीच गफलत टक्केवारीची होते. याच रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, 38 टक्के म्हणून ठळक छापले होते, कारण कागदावरची मर्यादा 40 ते 80 होती. पण एकूण पांढऱ्या पेशी 4,200 होत्या, म्हणजे न्यूट्रोफिल प्रत्यक्षात सुमारे 1,600 झाले आणि उपचार चालू असताना डॉक्टर टक्क्यांपेक्षा या संख्येकडे पाहतात. उलट डेक्सामेथासोन घेतल्यानंतर पांढऱ्या पेशी आणि रक्तातली साखर वाढलेली दिसते, तेव्हा घरचे लोक जंतुसंसर्ग झाला असे समजून घाबरतात. बोर्टेझोमिबच्या चक्रात प्लेटलेट खाली जातात आणि विश्रांतीच्या दिवसांत पुन्हा वर येतात. छापील मर्यादा निरोगी माणसांवरून ठरवलेल्या असतात आणि कुसुमताई उपचाराच्या कितव्या दिवशी आहेत हे त्या कागदाला ठाऊक नसते. ठळक अक्षरे संगणक उमटवतो, एवढेच मी माधवरावांना सांगितले आणि त्यांच्या विनंतीवरून त्या दोघांबरोबर डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी एम स्पाइकवर फार वेळ घालवला नाही. इंटरनॅशनल मायलोमा वर्किंग ग्रुपच्या निकषांप्रमाणे आजार वाढला असे म्हणण्यासाठी सर्वात कमी आकड्यापेक्षा 25 टक्के वाढ लागते, पण तेवढ्यावर भागत नाही. ती वाढ निदान 0.5 ग्रॅमची असावी लागते आणि लागोपाठ दुसऱ्या तपासणीत तशीच दिसावी लागते, असे त्यांनी सांगितले. 0.4 चे 0.6 होणे हे टक्क्यांत मोठे दिसते, पण प्रत्यक्षात वाढ 0.2 चीच आहे. माधवरावांनी वहीच्या समासात 0.9 असे लिहून घेतले आणि त्यांचा खांदा किंचित सैल झाला.

मग डॉक्टरांचे बोट क्रिएटिनिनच्या रकान्यावर थांबले. मूत्रपिंडाचे काम सांगणारा हा आकडा आधी 0.7, 0.7, 0.8 असा होता आणि आता 1.1 झाला होता. छापील मर्यादेच्या आत असल्यामुळे तो ठळक छापलेला नव्हता. वहीतही तो काळ्या शाईत, वर्तुळाविना, तसाच उतरवलेला होता. डॉक्टरांनी कुसुमताईंकडे पाहून विचारले, “ताई, वेदनाशामक गोळी घेतली का कसली?”

कुसुमताईंनी आधी नवऱ्याकडे पाहिले आणि मग मान खाली घालून सांगितले की गुडघा फार दुखत होता म्हणून चार दिवस शेजारणीकडच्या गोळ्या घेतल्या. पिशवीतून निघालेले पाकीट डायक्लोफेनॅकचे होते. मायलोमात ते प्रथिन मूत्रपिंडाला आधीच धोक्यात ठेवत असते, म्हणून या गटातल्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत, असे उपचार सुरू होतानाच सांगितलेले असते. गोळ्या त्या क्षणी बंद झाल्या, भरपूर पाणी पिण्याची सूचना मिळाली आणि गावचा आकडा म्हणून सोडून न देता रुग्णालयात त्याच दिवशी पुन्हा रक्त घेतले गेले. तिथेही क्रिएटिनिन 1.2 आले. लेनालिडोमाइड मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, त्यामुळे पुढच्या कॅप्सूलचा निर्णय डॉक्टरांनी पुढच्या रक्तानंतर घ्यायचे ठरवले.

“मला का नाही सांगितलेस?” बाहेर आल्यावर माधवरावांनी विचारले. कुसुमताई शांतपणे म्हणाल्या, “अहो, दर वेळी रिपोर्ट आला की तुम्ही गॅलरीत जाता, चष्मा काढता आणि पुसत बसता. तो खराब झालेला नसतो, हे मला कळते. त्यात आणखी गुडघ्याचे कुठे सांगू? तुम्ही तेही वहीत लाल शाईने लिहिले असते.”

या वाक्यावर आम्ही पुढचे दोन तास बोललो आणि माझ्या दृष्टीने त्या दिवसाचे खरे काम तेच होते. पतीने काळजीपोटी आकडे लपवले होते आणि पत्नीने काळजीपोटी दुखणे लपवले होते. परिणामी डॉक्टरांना हवी असलेली माहिती दोघांपैकी कोणाच्याच तोंडून आली नव्हती. वही बंद करा असा सल्ला मी दिला नाही. ज्याच्या हातात आयुष्यभर हिशेब होता त्याच्याकडून तो काढून घेतला, तर तो डोक्यात मांडू लागतो, असा माझा अनुभव आहे. शिवाय 0.7 चे 1.1 झालेले डॉक्टरांना एका दृष्टिक्षेपात दिसले, ते त्या वहीमुळेच. मी फक्त एवढे विचारले की हे रक्त कोणाचे आहे, आणि आपले आकडे कधी व किती ऐकायचे हे त्या व्यक्तीला कोणी विचारले आहे का. माधवराव बराच वेळ गप्प राहिले.

कुसुमताईंना आकडे हवे होते, पण रात्री नको होते. म्हणून रिपोर्ट शुक्रवारी आला तरी शनिवारी सकाळी चहानंतर दोघांनी मिळून उघडायचा असे ठरले. एम स्पाइक आणि लाइट चेन (प्लाझ्मा पेशी सोडतात त्या प्रथिनाचे सुटे तुकडे) यांची तपासणी नेहमी रुग्णालयातच करायची आणि वहीत प्रयोगशाळेचे नाव, एकक व चक्राचा दिवस लिहायचा, हे माधवरावांनी स्वतःच सुचवले. लाल आणि हिरव्या शाईचे पेन त्यांनी माझ्या टेबलावर ठेवले. डॉक्टरांसाठीचे प्रश्न शेवटच्या पानावर, तीनच, असे मी सुचवले, कारण बाह्यरुग्ण विभागात त्याहून अधिक प्रश्न मनासारखे विचारून होत नाहीत.

एक गोष्ट मात्र मी त्यांच्याकडून पुन्हा म्हणवून घेतली आणि ती प्रत्येक जोडप्याकडून म्हणवून घेते. ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक झाला, लघवी कमी झाली, पाठीच्या दुखण्याबरोबर पायांतली शक्ती कमी वाटली किंवा कुठून रक्त येऊ लागले, तर रिपोर्टची, सोमवारची किंवा सकाळची वाट पाहायची नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयाच्या क्रमांकावर फोन करायचा आणि ताप असेल तर स्वतःहून गोळी देऊन तो उतरवत बसायचे नाही. शेवटचा रिपोर्ट चांगला होता म्हणून घरी थांबलेले लोक मी पाहिले आहेत, आणि म्हणूनच हे सांगताना माझा आवाज चढतो.

दहा दिवसांनी क्रिएटिनिन 0.8 झाले आणि कॅप्सूल चालू राहिल्या. रुग्णालयात केलेला एम स्पाइक 0.5 आला आणि त्याच्या पुढच्या महिन्यात 0.4 आला. त्यानंतरच्या खेपेस वही कुसुमताईंच्या हातात होती. माधवरावांनी उजव्या कडेला एक नवा, रुंद रकाना आखून दिला होता आणि त्यात पेन्सिलने, त्यांच्या अक्षरापेक्षा मोठ्या अक्षरात, लिहिले होते: “गुडघा दुखला. गोळी घेतली नाही. ह्यांना सांगितले, ह्यांनी शेकून दिले.”